तृतीयपंथी कैदी कुठल्या बराकीत?

मागच्या भागात आपण अटकेच्या वेळचे बायकांचे हक्क पाहिले. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी बाईला एरवी अटक करता येत नाही, तिची अंगझडती बाईनंच घ्यायची, तिला कोठडीत पुरुषांबरोबर ठेवायचं नाही. हे ऐकून एका गटाच्या बैठकीत प्रश्न आला. "ताई, बाईला बायकांत ठेवतात, पुरुषाला पुरुषांत. मग दिवा-रोहा गाडीत टाळ्या वाजवत येतात, त्यांच्यातल्या कुणाला पकडलं तर कुठं ठेवतात?" सगळ्या हसल्या. पण विचारणारीनं नेमकं दुखणं पकडलं होतं. या एका प्रश्नावर आपल्या देशात कोर्टांनी निकाल दिलेत, दिल्लीहून पत्रं निघालीत, आणि तरी प्रश्न सुटलेला नाही. म्हणून आज तेवढाच विषय.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण सरसकट हिजडा म्हणतो. तृतीयपंथी हा शब्द आता सरकारी कागदावरही आहे. जन्माला आल्यावर मुलगा म्हणून नोंद झाली, पण जी स्वतःला बाई मानते, बाईसारखी राहते, अशी व्यक्ती यात येते. आणि उलटही असतं. मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला पुरुष मानणारी माणसं असतात. ती आपल्या नजरेला पडत नाहीत, कारण ती टाळ्या वाजवत गाडीत फिरत नाहीत. आज मी जास्त करून पहिल्या प्रकाराबद्दल बोलणार आहे आणि त्यांना "ती" म्हणणार आहे. त्या स्वतःला तसंच म्हणतात.

आता कुणी म्हणेल, तुरुंगात गेलेल्याचे कसले आलेत हक्क? आपल्या पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. बाहेरून भिंत दिसते, आत सगळे गुन्हेगार, असं आपल्याला वाटतं. पण २०२२ सालचे सरकारी आकडे बघा. देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यातली शंभरात सुमारे ७६ कच्चे कैदी होते. कच्चे म्हणजे ज्यांचा खटला अजून चाललाय, गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यातले कितीतरी उद्या निर्दोष सुटतील.

आणि ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला, त्यांनाही न्यायाधीश शिक्षा देतात ती कैदेची. स्वातंत्र्य जातं, एवढीच ती शिक्षा. मार खा, उपाशी राहा, कुणी अंगाला हात लावला तर सहन कर, असं निकालपत्रात कुठं लिहिलेलं नसतं. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सुनील बात्रा खटल्यात सांगितलं की तुरुंगाच्या दारातून आत गेल्यानं माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्या तळोज्यानंच दाखवलं. भीमा कोरेगाव प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी ८० वर्षांच्या पुढचे, कंपवातानं हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी पाणी प्यायला नळी आणि नळीचा पेला मागितला. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला, तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट पाहतच ते गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हा वाद वेगळा. पाणी प्यायचा पेला हा शिक्षेचा भाग कधीच नव्हता.

झोपायची जागाही तशीच. तुरुंगात माणूस दिवसातला मोठा भाग बराकीत बंद असतो. बराक म्हणजे लांबलचक खोली, एकाला लागून एक पथाऱ्या, टोकाला संडास. संध्याकाळी टाळं लागलं की सकाळपर्यंत तुम्ही आणि आतली माणसं. म्हणून तुम्हाला कुठल्या बराकीत टाकलं, यावरच तुमची रात्र कशी जाणार ते ठरतं.

तुरुंगाचा मूळ कायदा इंग्रजांच्या काळातला, १८९४ चा. त्यात लिहिलंय की बायका आणि पुरुष एकाच तुरुंगात असतील तर बायकांना वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या भागात ठेवायचं, इतकं वेगळं की त्यांनी एकमेकांना पाहू नये, बोलू नये. त्या काळी हे चांगलंच होतं. पण त्या कायद्यात दोनच रकाने, बाई आणि पुरुष. कैदी आत आला की नोंदवहीत लिंग लिहायचं आणि त्यावरून बराक ठरायची. गटाचं बँक खातं काढताना फॉर्मवर आता तिसरा रकाना असतो, तुम्ही पाहिलाय. तुरुंगाच्या वहीत तो नव्हता. मग शिपाई काय करणार? शरीराकडे बघणार आणि "पुरुष" लिहिणार.

अंगावर साडी, लांब केस, कधी औषधं घेऊन छाती वाढलेली, आणि टाकलं कुठं, तर शे-दीडशे पुरुषांच्या बराकीत. पुढचं मी रेडिओवर सांगायची गरज नाही, तुम्ही बायका आहात. नागपूर मध्यवर्ती कारागृहातली एक हकीकत २०२१ मध्ये छापून आली. खुनाच्या प्रकरणात २०१९ साली अटक झालेल्या एका तृतीयपंथी कैद्याची तक्रार होती की तिला पुरुषांत ठेवलं आणि तिथं तिच्यावर लैंगिक अत्याचार झाले. ही हकीकत लिहिली सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार बाईंनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

कुणी म्हणेल, खुनाच्या आरोपीची एवढी कड का घ्यायची? खून केला असेल तर कोर्ट बघेल, शिक्षा देईल. अत्याचार करायचा अधिकार त्या बराकीतल्या कुणालाच दिलेला नाही, आणि तिकडे डोळेझाक करायचा अधिकार टाळं लावणाऱ्यालाही नाही.

मैत्रिणींनो, आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बायकांसाठी वेगळी कोठडी, बाई शिपाई, हेसुद्धा कुणी आपण होऊन दिलं नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, तेव्हा देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात गेल्या आणि १५ बायकांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. शीलाताईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, साधं पत्र. फेब्रुवारी १९८३ मध्ये कोर्टानं हुकूम दिला: बायकांसाठी वेगळ्या कोठड्या ठेवा, पहारा बाई शिपायांचा असू द्या, चौकशी बाई पोलिसासमोरच करा. आणि आरोपीला पहिल्यांदा कोर्टापुढे आणलं की मॅजिस्ट्रेटनं विचारायचं, कोठडीत मारहाण झाली का, काही तक्रार आहे का. हे शेवटचं ध्यानात ठेवा, ते पुढे कामाला येणार आहे.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत पहिला मोठा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. खटला घातला होता राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणारी जी सरकारी संस्था आहे तिनंच. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यात स्वतः सामील झाल्या होत्या. कोर्टानं तिसरं लिंग मान्य केलं आणि आपण बाई, पुरुष की तृतीयपंथी हे ज्यानं त्यानं ठरवायचं, असं सांगितलं. मग २०१९ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या रक्षणाचा कायदा झाला, तो जानेवारी २०२० पासून लागू झाला. जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळायची सोय त्यात झाली. पण तुरुंगात कुठं ठेवायचं, याचं उत्तर त्या कायद्यानं दिलं नाही.

ते आलं १० जानेवारी २०२२ ला. केंद्राच्या गृह मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. त्यातल्या गोष्टी जरा सविस्तर सांगते, कारण हेच पत्र हातात घेऊन भांडता येतं. तुरुंगाच्या वहीत तृतीयपंथी असा रकाना हवा. ती व्यक्ती स्वतःला जे म्हणते त्याचा मान ठेवायचा. कोर्टाच्या वॉरंटवर दुसरंच लिंग लिहिलेलं असेल, तर दुरुस्तीसाठी अर्ज करायला तुरुंगाच्या अधीक्षकानं मदत करायची. अंगझडती कुणाकडून घ्यायची, बाईकडून की पुरुषाकडून, हे त्या व्यक्तीच्या पसंतीनं ठरावं, किंवा शिकलेल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यानं ती घ्यावी. कपडे उतरवायची वेळ आलीच तर आडोशाला, चारचौघांत नाही. राहायची जागा वेगळी हवी, संडास-न्हाणी वेगळी हवी, आणि त्यातही स्वतःला बाई मानणाऱ्या आणि पुरुष मानणाऱ्या यांची सोय निरनिराळी हवी. दवाखाना, काम, शिक्षण इतरांसारखंच. तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांना याचं शिक्षण द्यावं.

आणि त्यात आणखी एक बाब आहे, माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची: वेगळं ठेवताना त्यांना पूर्ण एकटं पाडू नका, त्यांच्यावर शिक्का मारला जाईल असं करू नका.

ही अडचण खरीच आहे. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशभरच्या तुरुंगांत मिळून तृतीयपंथी कैदी होते ९७. तुरुंग आहेत तेराशेच्या वर. (९७ हा आकडा मला कमीच वाटतो. वहीत "पुरुष" लिहिलं की ती व्यक्ती मोजणीतून गेलीच. २०२० च्या आधी तर या आकडेवारीत तिसरा रकानाच नव्हता.) म्हणजे एखाद्या तुरुंगात असली तर एखादी व्यक्ती, बहुतेक ठिकाणी एकही नाही. आता त्या एकटीसाठी वेगळी खोली काढली, तर ती दिवसरात्र कुणाशी बोलणार? हा एकांतवास झाला. आणि एकांतवास ही कायद्यात भयंकर शिक्षा मानलेली आहे, कोर्टानं दिल्याशिवाय ती देता येत नाही. सुनील बात्रा खटल्याचा मुद्दाच तो होता. म्हणजे पुरुषांत टाकलं तर अत्याचार, आणि वाचवायला म्हणून कोंडलं तर ती वेड लागायच्या वाटेवर. रात्री झोपायची जागा सुरक्षित आणि वेगळी, पण दिवसा काम, वाचनालय, शिवण, दूरदर्शन इतरांबरोबर, देखरेखीखाली, असा मधला मार्ग काढावा लागतो. त्याला भिंती बांधाव्या लागत नाहीत, अधीक्षकानं मनावर घ्यावं लागतं.

मग थेट बायकांच्या बराकीतच का ठेवू नये? हा प्रश्नही बैठकीत आला आणि त्यावर दोन तट पडले. एकजण म्हणाली, ती बाईसारखी राहते ना, मग राहू दे बायकांत. दुसरी म्हणाली, आणि माझी लेक त्या बराकीत असती तर? मला दुसरीचं बोलणं झटकून टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१७ साली कॅरन व्हाइट नावाच्या कैद्याला बायकांच्या तुरुंगात ठेवलं. तिच्यावर आधीपासून बलात्काराचे आरोप होते, लैंगिक गुन्ह्यांचा इतिहास होता. तो न तपासताच तिला तिथं पाठवलं आणि तिथल्या दोन बायकांवर तिनं हात टाकला. २०१८ मध्ये तिला जन्मठेप झाली, सरकारला माफी मागावी लागली आणि पुढे तिथले नियम कडक झाले.

या प्रकरणावरून तृतीयपंथी म्हणजे धोकाच, असं कुणी सांगू लागलं तर मला पटत नाही. चूक झाली ती माणूस न बघता रकाना बघितल्याची. नागपुरातली तक्रारही त्याच चुकीची. एकीकडे "बाई" लिहिलं म्हणून तपासलं नाही, दुसरीकडे "पुरुष" लिहिलं म्हणून. कैदी आत आल्याबरोबर बघायला हवं की हिच्यापासून कुणाला धोका आहे का, आणि हिला कुणापासून आहे का. तिला स्वतःला विचारायला हवं, तुला कुठं सुरक्षित वाटतं. आणि ठरवलेलं दर काही दिवसांनी पुन्हा तपासायला हवं.

बायकांची बराक म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही समजू नका. मुंबईच्या भायखळा तुरुंगात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्येचा जीव गेला. अंडी आणि पाव कमी आल्याची तक्रार तिनं केली होती, म्हणून तिला मारल्याचा आरोप झाला. तुरुंगातल्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तिथं पुरुष कुणीच नव्हता.

आता २०२२ चं पत्र आलं तरी सगळीकडे बदल का झाला नाही? कारण तुरुंग हा राज्याच्या अखत्यारीतला विषय. दिल्लीचं पत्र म्हणजे सल्ला. राज्यानं आपले नियम बदलले, पैसे दिले, तर तो खाली उतरणार. नाहीतर पत्र फायलीत. पण कोर्टानं मनावर घेतलं की वही बदलते. याचा ताजा दाखला ३ ऑक्टोबर २०२४ चा. तुरुंगाच्या नियमावलीत झाडलोट अमक्या जातीनं करायची, स्वयंपाक तमक्या जातीनं, अशी कामं वाटलेली होती. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या त्याच सुकन्या शांता, ज्यांनी नागपूरची हकीकत लिहिली. कोर्टानं ते नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. आधी शीला बारसे, मग सुकन्या शांता. दोघी पत्रकार, दोघींनी आतल्या माणसांचं बसून ऐकलं.

एक मोठी गोम मात्र अजून आहे. बाईवर बलात्कार झाला तर कायद्यानं किमान दहा वर्षांची सजा, आणि कोठडीत किंवा तुरुंगातल्या माणसानं केला तर जन्मठेपेपर्यंत. पण ही कलमं फक्त बाईसाठी लिहिलेली आहेत. तृतीयपंथी व्यक्तीवर तोच अत्याचार झाला, तर २०१९ च्या कायद्यात लिहिलेली शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. पूर्वी जुन्या दंडसंहितेचं ३७७ कलम तरी लावता यायचं, जबरदस्ती झाली तर. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात ते कलम ठेवलंच नाही. बलात्कार तोच आणि सजा पाचपट कमी! मला हे समजायलाच वेळ लागला.

आणखी एक अडचण आपल्या गटातल्या बायकांना पटकन कळेल. कर्जाला जामीनदार लागतो, तसा जामिनाला हमीदार लागतो. तृतीयपंथी व्यक्तीला बहुतेक वेळा घरच्यांनी तोडलेलं असतं. गाव सुटलेलं, रेशनकार्डावर नाव नाही, पत्त्याचा पुरावा नाही. हमी कोण राहणार? म्हणून किरकोळ गुन्ह्यातही त्या आत राहतात. भेटीला येणार ती गुरू किंवा गुरूबहीण, पण मुलाखतीच्या खिडकीवर विचारतात, नातं काय? रक्ताचं नातं नाही म्हटलं की परत. २०२२ च्या पत्रात घरच्यांबरोबर मित्रमंडळींनाही भेटू द्यावं असं म्हटलंय. ते ठाऊक असलं तर खिडकीवर बोलता येतं.

आपल्या ओळखीत अशी वेळ कुणावर आली तर करायचं काय, ते सांगते. अटक झाल्यापासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. तिथंच, पहिल्याच तारखेला, आपण तृतीयपंथी आहोत आणि पुरुषांच्या कोठडीत आपल्याला धोका आहे, हे तोंडानं सांगायचं आणि ते लिहून घ्या म्हणायचं. मॅजिस्ट्रेट तक्रार विचारतात ती हीच वेळ. ओळखीचं प्रमाणपत्र आधीच काढलेलं असेल तर त्याची एक प्रत बाहेर भरवशाच्या माणसाकडे ठेवावी, कारण अटकेत पिशवी कुठं जाते कळत नाही. वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्या कुणालाही, कमाई कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मागायचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज चालतो, आतून अर्ज करायचा तर तुरुंगामार्फत करता येतो, आणि फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक फुकट लागतो. पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून आत गेला असेल, तर नव्या कायद्यानं सुटकेचा अर्ज करता येतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे लागू नाही.

याच विधी सेवेत गावपातळीवर विधी स्वयंसेवक नेमतात. त्यासाठी वकील असावं लागत नाही, बचत गटातल्या बायकांना घेतात, शिकवतात. तृतीयपंथी व्यक्तींनाही घेतात. आपल्या गटांतून दोघी-तिघींनी नावं द्यायची असतील तर पुढच्या मासिक बैठकीत मला सांगा, अर्जाचा नमुना मी घेऊन येते.